चेंडू किती वर गेला

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात परळमधल्या झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा लागतात. हॉलतिकिटाच्या तीन-तीन प्रती काढल्या जातात. एक प्लास्टिकच्या पाकिटात, एक आईच्या पर्समध्ये, एक देवासमोर. मंडळाच्या अभ्यासिकेबाहेर चपलांचा ढीग वाढतो. गल्लीतलं क्रिकेट कोणी न सांगता बंद पडतं. सत्यनारायणाचा लाऊडस्पीकर लावलाच, तर तोंड आतल्या बाजूला करून लावतात. रुग्णालयाच्या आवारात काटेसावर फुललेली असते. तिच्याखाली पेशंटचे नातेवाईक डबे सोडून बसतात आणि जाड लाल फुलं मधूनमधून त्यांच्या शेजारी पडतात. थंडी गेलेली असते, उकाडा पुरता आलेला नसतो. या दिवसांना पंचांगात वेगळं नाव नाही. या भागात ‘परीक्षा आल्यात’ एवढंच म्हणतात, आणि तेवढ्यात सगळं येतं.

यंदा माझी भाची सायली दहावीला आहे. ती भोईवाड्याला राहते. शाळेत जे कळत नाही ते विचारायला तिने मला रविवार नेमून दिले आहेत. गेल्या रविवारी तिने गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातलं एक गणित पुढे केलं. चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर किती उंच जाईल? उत्तर साधं आहे. वेगाचा वर्ग करायचा, चारशे. त्याला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागायचं. त्वरण सोयीसाठी दहा धरलं, तर वीस मीटर. सायलीने ते अर्ध्या मिनिटात काढलं. मग पेन्सिल चावत म्हणाली, "मामा, पण खरंच वीस मीटर जातो का? कोणी वर जाऊन बघितलंय?"

तिची आई त्याच खोलीत गणवेशाला इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "मामाला विचार. मामाने बघितलंय."

"खरं?"

"लुगडं लावून मोजलंय."

सायली हसली. तिला ती थट्टा वाटली. मी पुढचं गणित काढायला सांगितलं.

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण वैजयंती. आम्ही तिला वैजू म्हणतो. लुगडं लावून मोजलं होतं हे खरं आहे. त्या वर्षी ती दहावीला होती आणि मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला.

आमची चाळ लालबागला होती. तळमजला अधिक तीन. मध्ये चौक, चौकाच्या चारी बाजूंना गॅलऱ्या, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. आता तिथे टॉवर आहे, आणि आमचा तिसरा मजला ज्या उंचीवर होता तिथे गाड्या उभ्या असतात. त्या उंचीवर कोणी राहत नाही. चौकातून वर पाहिलं की तेव्हा आभाळाचा एक लांबट चौकोन दिसायचा. फेब्रुवारीत त्या चौकोनाच्या कडेला, गच्चीच्या कठड्यावर, पुस्तकं घेतलेली मुलं एका ओळीत बसलेली असायची. खालून फक्त त्यांचे पाय दिसत. कुठले पाय कोणाचे ते आम्हाला ओळखता येत असे. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी पापड लाटत असायचं. पापडखाराचा तो उग्र वास आणि नव्या गाईडच्या शाईचा वास या दोन्हींची माझ्या डोक्यात एवढी सांगड बसली आहे, की आजही एक आला की मी दुसरा शोधतो.

बाबा गिरणीत घडी खात्यात होते. यंत्रावरून उतरलेलं कापड मोजायचं, त्याच्या वारावारच्या घड्या घालायच्या आणि पुढे गठ्ठे बांधायला पाठवायचं, हे त्या खात्याचं काम. गिरणी बंद झाल्यावर ते दादरला एका कापडाच्या दुकानात लागले. काम मोजण्याचंच. दुकानात लोखंडी मीटरपट्टी होती आणि ते ती वापरत. घरी मात्र कापडाचा विषय निघाला की ते उजवा हात लांब करत, मान डावीकडे वळवत आणि नाकाच्या शेंड्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर दाखवत. तो त्यांचा वार. बोलताना ते कमी बोलत. ‘बरोबर’ हा त्यांचा शब्द होता. भाजी चांगली झाली तरी बरोबर, बातमी वाईट असली तरी बरोबर.

घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. त्यामुळे काही ठरवायचं झालं की बाबा म्हणायचे, "दादाला विचारा." आईचे डोळे कुठल्या रुग्णालयात दाखवायचे, गावच्या घराच्या अर्जात काय लिहायचं, टीव्ही कुठला घ्यायचा. एकोणीस वर्षांच्या मुलाला घरातला शेवटचा शब्द मिळाला की तो हळू आवाजात बोलू लागतो. त्याला ओरडायची गरज उरत नाही. मी तसा बोलायचो.

वैजूला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. पुढे काय व्हायचं आहे, हे ती सांगत नसे. "मला मोजायला आवडतं," एवढंच म्हणायची. शाळेत लंबकाचा प्रयोग झाला तेव्हा बाकीच्या मुली दहा झोके मोजून थांबल्या. ही शंभर मोजून आली आणि शिपायाने प्रयोगशाळेला कुलूप लावलं म्हणून उदास झाली. बाबांनी नेहमीप्रमाणे निर्णय माझ्याकडे दिला. मी वैजूला म्हटलं, "एक प्रयोग नीट करून दाखव. सगळा तुझा तू. मग सायन्सचं बघू." हे मी सहज म्हटलं नव्हतं. तिची परीक्षा घ्यायची असं मी ठरवलं होतं, आणि तिलाही ते कळलं होतं.

तिने धड्यातलाच चेंडू निवडला.

तिचं म्हणणं असं होतं. सरळ वर फेकलेल्या चेंडूला वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच खाली यायला लागतो. म्हणजे हातातून सुटल्यापासून पुन्हा हातात येईपर्यंतचा वेळ घ्यायचा आणि त्याचा अर्धा करायचा. त्या अर्ध्याचा वर्ग, गुणिले नऊ दशांश आठ, भागिले दोन. ही झाली घड्याळावरून काढलेली उंची. मग तीच उंची प्रत्यक्ष मोजायची. दोन्ही जुळल्या, तर प्रयोग जमला. घड्याळ तिने शाळेतल्या पी.टी.च्या सरांकडून मागून आणलं. शर्यतींसाठी वापरतात ते, गळ्यात अडकवायचं. प्रत्यक्ष उंची मोजायला घरात लांब टेप नव्हती. तेव्हा तिनेच आईचं लुगडं सुचवलं.

आई तेव्हाही नऊवारीच नेसायची. इमारतीतल्या तिच्या वयाच्या बहुतेक जणी गोल साडीवर आल्या होत्या. तिचं हिरवं लुगडं आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या कठड्याला बांधलं आणि खाली सोडलं. पूर्ण उलगडलेलं लुगडं इतकं लांब असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अंगावर असताना ते एवढंसं दिसतं.

आई गॅलरीत आली. "हे काय चाललंय? धुतलेलं लुगडं आहे माझं."

"आई, मोजायचंय," वैजू चौकातून म्हणाली.

"मोजा. पण खाली टेकता कामा नये. मांजरं फिरतात तिथे."

ते टेकत नव्हतं. खालचं टोक बरोबर माझ्या कपाळापाशी येत होतं. म्हणून चेंडू कपाळापासून वर सोडायचा आणि कपाळापाशीच झेलायचा असं ठरलं. फेकणारा मी. बाबा तिसऱ्या मजल्यावर कठड्याच्या पट्टीला डोळे लावून बसले. चेंडू बरोबर पट्टीच्या उंचीला येऊन परतला, तरच ती फेक धरायची. वैजू घड्याळ घेऊन खाली नळापाशी उभी राहिली. मी वहीच्या पानावर सगळ्यांत वर लिहिलं, ‘प्रत्यक्ष उंची नऊ मीटर’. खाली रेघ मारली.

पहिल्या मजल्यावर शेवंतीकाकू राहायच्या, मालवणकडच्या. त्या बाहेर आल्या. "काय गो वैजू, पाडवो आत्ताच इलो काय? गुढी उभारलंस ती?"

"गुढी नाही काकू. विज्ञान."

"विज्ञानाक लुगडां लागता? आमका कोणी सांगूक नाय ता. नायतर आम्हीय शिकलो असतो."

गच्चीवरचे पाय हलले. वर कोणीतरी हसलं.

मी फेकू लागलो. जुना टेनिसचा चेंडू होता, लोकर झिजून गुळगुळीत झालेला. वरून बाबांचा आवाज यायचा. "कमी." मग, "अजून कमी." मग, "हा जास्त. माझ्या टोपीवरून गेला." बऱ्याच फेकींनंतर, "बरोबर." त्यांनी बरोबर म्हटलं की वैजू घड्याळातला आकडा वहीत लिहायची. कमी-जास्त फेकी ती लिहीत नव्हती, पण घड्याळ प्रत्येक वेळी दाबत होती. मी विचारलं तर म्हणाली, "हाताला सवय मोडायला नको."

मधे एकदा मी म्हटलं, "तुझा अंगठा उशिरा पडतो."

"पडतो," ती म्हणाली. "पण दोन्ही वेळा तेवढाच उशिरा पडतो. सुरू करताना पण आणि बंद करताना पण. मग मधला वेळ बरोबरच राहतो ना, दादा?"

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला वाटलं."

"वाटून चालत नाही," मी म्हटलं.

दोन संध्याकाळी हे चाललं. बरोबर फेकी चाळीस झाल्यावर ती थांबली. माझा खांदा आठवडाभर दुखत होता. आईने लुगडं ओढून घेतलं आणि पुन्हा धुतलं.

चाळीस आकड्यांची सरासरी दोन दशांश सहा सेकंद आली. अर्धा केला, वर्ग केला, गुणलं, भागलं. उंची आठ मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर. वैजूने ते दोनदा केलं. मग वही माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसली.

"लुगडं किती?" मी म्हटलं.

"नऊ."

"मग पाऊण मीटर गेला कुठे?"

तिने वही पुन्हा आपल्याकडे ओढली.

"आठ टक्के फरक आहे, वैजू. आठ टक्क्यांना चूक म्हणत नाहीत. गोंधळ म्हणतात."

"चाळीस वेळा चुकले?"

"चाळीस वेळा तीच चूक केलीस."

हे वाक्य बोलून मला बरं वाटलं होतं. ते मला कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या तोंडचं वाटलं. चाळीस वेळा तीच चूक होत असेल, तर ती हाताची असू शकत नाही, हे पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं असतं. हात चुकतो तेव्हा कधी कमी चुकतो, कधी जास्त. एकाच बाजूला, एकाच मापाने चुकते ती पट्टी. मी परीक्षेत त्यावर चार गुणांचं उत्तर लिहिलं होतं.

"तुझा हात मोजायचा नाही," मी तिला म्हटलं. "तू कॉमर्स घे. तिथे तुझं चांगलं होईल."

जिन्यात कोणी विचारलं की मी हसत सांगत असे, वैजूच्या चेंडूने पाऊण मीटर गिळला. चाळीत अशी गोष्ट एका दिवसात चारी गॅलऱ्या फिरून येते. शेवंतीकाकू तिला नळावर विचारायच्या, "गावलो काय गो तुझो पाऊण मीटर? माझ्या पिंपात बघ, पडलो आसात." त्यात वाईट हेतू नव्हता. त्या तिच्यासाठी परीक्षेच्या दिवशी सकाळी दही घेऊन यायच्या. वैजूही हसायची. ती हसते आहे म्हणजे झालं, असं मला वाटायचं.

परीक्षा झाली. होळीची लाकडं जळली. पापडाच्या डब्यांवर झाकणं बसली. जूनमध्ये निकाल आला, तेव्हा विज्ञानात तिला माझ्या दहावीच्या गुणांपेक्षा सहा गुण जास्त होते. फॉर्म तिने स्वतः भरला, तिच्या नीट, उभ्या अक्षरात, कॉमर्सचा. पालकाची सही करण्याआधी बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी सही केली. ‘बरोबर’ म्हणाले नाहीत, हे मला आता लिहिताना जाणवतं. तेव्हा जाणवलं होतं की नाही, सांगता येत नाही.

सूत्रात चेंडूचं वजन येत नाही. रंग येत नाही, तो कोणी फेकला हेही येत नाही. सूत्र लक्षात राहण्याचं कारण तेच असावं. हवेचा अडथळा आहे, पण तो नाही असं धरायचं असतं. शाळेतलं प्रत्येक गणित ‘हवेचा अवरोध नगण्य मानून’ असं सुरू होतं. किती गोष्टी नगण्य मानल्या म्हणजे एक उत्तर हातात येतं, हा हिशेब कोणी विचारत नाही.

आणि वर पोहोचल्यावरचा तो क्षण. तिथे चेंडूचा वेग शून्य असतो. मुलं इथे हमखास चुकतात, सायलीही चुकली. वेग शून्य म्हणजे सगळंच शून्य, असं त्यांना वाटतं. पण खालची ओढ तिथेही तेवढीच असते, जेवढी हातातून सुटताना होती. ती एका क्षणासाठीही कमी झालेली नसते. चेंडू थांबलेला दिसतो तो फक्त बघणाऱ्याला.

यंदा पौषात आई गेली. शेवटचा आठवडा ती परळच्या रुग्णालयात होती. डॉक्टर सकाळी यायचे, तक्ता बघायचे आणि म्हणायचे, स्थिर आहेत. आम्ही दोघं भावंडं तो शब्द खाली चहाच्या टपरीपर्यंत घेऊन जायचो आणि अर्ध्या-अर्ध्या कपावर पुरवायचो. सहाव्या दिवशी सकाळीही ती स्थिर होती. दुपारी नव्हती. त्या आठवड्यात काटेसावरीला पानं नव्हती, फुलंही नव्हती. फक्त कळ्या होत्या, लाकडाच्या गोळ्यांसारख्या.

बाबा तिच्याआधी बारा वर्षं गेले. जाण्याच्या आधी काही महिने ते कॉटवर पडल्या-पडल्या चादरीची कड दोन हातांत धरून मापायचे. कोणी विचारलं तर हसायचे.

आईची लुगडी वाटायची नाहीत, त्यांच्या गोधड्या करायच्या, असं वैजूने ठरवलं. लालबागच्या मागच्या गल्लीत कमलबाई गोधड्या शिवतात. तीन आठवड्यांपूर्वी मी गाठोडं घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वरचं लुगडं उलगडलं, टेप लावली आणि म्हणाल्या, "सव्वाआठ."

"नऊ असेल," मी म्हटलं. "नऊवारी आहे."

"नऊ वार हो. मीटर नव्हे." त्या टेप गुंडाळत होत्या. "नऊ वाराचे सव्वाआठ मीटरच भरतात. थोडं कमीच. सगळ्यांचंच भरतं. तुमची माणसं गिरणीतली ना? मग घरात कोणी सांगितलं नाही?"

मी गाठोडं तिथे ठेवून बाहेर आलो. मोबाइलवर गुणाकार केला. वार म्हणजे छत्तीस इंच, मीटर म्हणजे त्याहून तीन इंचांनी आणि वर थोडा जास्त. नऊ वार म्हणजे आठ मीटर तेवीस सेंटीमीटर. वैजूचं उत्तर आठ अठ्ठावीस. फरक पाच सेंटीमीटर. मागून आणलेलं घड्याळ, जुना चेंडू, कठड्याशी बसलेला एक माणूस, आणि पंधरा वर्षांची मुलगी. पाच सेंटीमीटर म्हणजे माझ्या तळहाताची रुंदीही नाही. मी गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभा होतो. एका टेम्पोवाल्याने बाजूला व्हायला सांगितलं.

वर्तमानपत्रातल्या नोकरीत माझं काम दुसऱ्यांनी आणलेले आकडे तपासण्याचं आहे. पुरात किती घरं गेली, मोर्चात किती माणसं होती. नवीन आलेल्या मुलांना मी वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगत आलो आहे. आकडे जुळत नसतील तर आधी पट्टी तपासा, माणूस नंतर. ही गोष्ट मला कुठे सुचली याचा मी कधी विचार केला नव्हता. ती मला तरी त्या चौकात सुचली नव्हती.

वैजूचं काही वाईट झालं असं म्हणता येणार नाही. ती फोर्टमधल्या एका कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेलं प्रत्येक पत्र नोंदवते, तारीख घालते, योग्य टेबलावर पाठवते. तिच्या हातून पत्र हरवलं, असं आजवर झालेलं नाही. तिचा नवरा चांगला आहे. घर स्वतःचं आहे. ती सायलीचं पातळ औषध मोजताना मापाचं टोपण डोळ्यांच्या रेषेत धरते, वाकून, एक डोळा मिटून. हे मी अनेकदा पाहिलं आहे. पाहून काही वाटलं नव्हतं.

तीन आठवडे मी तिला सांगायचं टाळलं. गेल्या रविवारी ती ‘लुगडं लावून मोजलंय’ म्हणाली आणि टाळणं अवघड झालं. गणितं संपवून सायली रिफिल आणायला खाली गेली. वैजू स्कर्टच्या चुण्यांवर इस्त्री फिरवत होती. एकेक चुणी दाबून, बोटाने सरळ करून.

"वैजू," मी म्हटलं, "तो पाऊण मीटर सापडला."

तिने पुढची चुणी घेतली. "हं. वाराचा घोळ होता तो."

"तुला माहीत आहे?"

"तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांना विचारलं, लुगडं नक्की किती हो? ते म्हणाले, नऊ वार. म्हटलं, मीटरमध्ये सांगा. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, सव्वाआठला थोडं कमी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"बाबा म्हणाले, चल, दादाला सांगू. मीच नको म्हटलं."

"का?"

तिने इस्त्री उभी ठेवली. बटण बंद केलं. खाली रस्त्यावर एक स्कूटर चालू होत नव्हती, तिचा आवाज येत होता.

"तू चुकलास याचं काही नव्हतं रे. कोणीही चुकतं. पण एका बाजूला माझं चाळीस वेळा मोजलेलं आणि दुसऱ्या बाजूला तुझं एकदा लिहिलेलं. मला वाटलं, तू आपणहून म्हणशील, चल वैजू, परत एकदा मोजू. तेवढंच हवं होतं. मग मी सांगितलं असतं. चार दिवस संध्याकाळी मी चौकात नळापाशी जाऊन उभी राहायचे. शेवंतीकाकू विचारायच्या, कोणाची वाट बघतंस गो. मी म्हणायचे, पाण्याची."

"पाचव्या दिवशी?"

"पाचव्या दिवशी भूगोल काढला." ती थोडं हसली. "पेपर आठ दिवसांवर आला होता."

ती थांबली होती, मी बोलावं म्हणून नव्हे, इस्त्री गार व्हावी म्हणून. दाराची बेल वाजली. "सायली असेल," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्या दोन संध्याकाळींचं मला जवळजवळ सगळं आठवतं. बाबा कितव्या फेकीला काय म्हणाले तेही थोडंफार सांगता येईल. त्यानंतरच्या चार संध्याकाळी मी कुठे होतो, ते आठवत नाही.